ल्यायचं शिल्प

न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनमध्ये, २००७ साली एका मोठ्या स्पर्धेचा सर्वोच्च पुरस्कार मेंढीच्या लेंड्यांनी पटकावला. दिवाळी अंकात हे वाक्य छापताना हात जरा अडखळतो, पण गोष्ट खरी आहे. मेंढीच्या शेपटीभोवतीच्या लोकरीला लेंड्या चिकटतात, वाळून कडक होतात आणि मेंढी पळायला लागली की एकमेकींवर आपटून वाजतात. तिकडे त्यांना ‘डॅग्ज’ म्हणतात. कुणी रेंगाळत असेल तर ‘डॅग्ज वाजव की’ अशी हाळी घालायची पद्धत आहे. लोकर कातरण्याआधी हा भाग कापून फेकून देतात, कारण त्याला भाव नाही आणि वास भरपूर. पॉला कूल्टहार्ड आणि अर्सुला डिक्सन या दोघींनी नेमका तोच उचलला, त्याचा पोशाख केला आणि नावही त्या हाळीचंच ठेवलं, ‘रॅटल युअर डॅग्ज!’

ही स्पर्धा म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वेअरेबल आर्ट’. लघुरूप ‘वाव’. अंगावर घालता येईल अशी कलाकृती करायची, एवढीच अट. कापडच पाहिजे असं नाही, शिवणच पाहिजे असंही नाही. सुतार, चामड्याचं काम करणारे, नाटकाची सामग्री बनवणारे, वास्तुविशारद, विद्यार्थी असे सगळे इथे उतरतात आणि त्यांच्यात फॅशन डिझायनरही असतात. माझं कुतूहल आहे ते या शेवटच्या गटाबद्दल. ज्यांचा हा रोजचा धंदा, त्यांना ही स्पर्धा सर्वांत सोपी जायला हवी. पण विजेत्यांची यादी वाचत गेलं की लाकूडकाम, चर्मकाम, मुकुटकाम असेच पेशे समोर येत राहतात, आणि सुईदोऱ्याच्या माणसाला इथे काही वेगळंच शिकावं लागतं हे लक्षात येतं.

सुरुवात अगदी गावठी होती. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वरच्या टोकाला नेल्सन नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या जवळच्या वेकफील्ड भागात मातीच्या भिंतींच्या एका जुन्या घरात ‘विल्यम हिगिन्स गॅलरी’ नावाचं कलादालन चालायचं. सूझी मॉनक्रीफ ही शिल्पकार त्या गॅलरीशी जोडलेली. गॅलरीकडे लोकांची पावलं वळावीत म्हणून १९८७ साली तिने एक कार्यक्रम घडवून आणला. कला भिंतीवरून उतरवायची आणि चालत्याबोलत्या माणसाच्या अंगावर चढवायची, ही तिची कल्पना. त्या रात्री पाऊस कोसळत होता, कार्यक्रम तंबूत होता आणि प्रेक्षक जेमतेम दोनशे. आज वेलिंग्टनच्या बंदरालगतच्या टीएसबी अरीनात, आपल्याकडे पितृपक्ष-नवरात्र चालू असतं त्या सुमारास, तीनेक आठवडे हा सोहळा चालतो आणि साधारण साठ हजार लोक तिकीट काढून तो पाहतात. मॉनक्रीफला २०१२ साली ‘डेम’ हा किताब मिळाला. २०२० आणि २०२१ ही कोरोनाची दोन वर्षं सोडली तर सोहळ्याची परंपरा टिकून आहे.

मधल्या काळात एक दुखरी गोष्ट घडली. २००५ साली स्पर्धा नेल्सनहून राजधानीत गेली. वाढता पसारा छोट्या शहराला पेलवत नव्हता, हे कारण खरंच होतं. पण आपल्या पावसात भिजत जन्मलेलं लेकरू राजधानीने नेलं, ही नेल्सनकरांची भावनाही तितकीच खरी. त्यांच्याकडे २००१ साली उघडलेलं संग्रहालय तेवढं राहिलं. त्यात या पोशाखांच्या शेजारी जुन्या मोटारी मांडलेल्या असत. हा जोड विचित्र वाटतो खरा, पण घरातल्या सगळ्यांना एका तिकिटात खूश करायचं तर हिशेब चोख होता.

अंगावरच्या कपड्याला कला मानण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. जर्मनीत ऑस्कर श्लेमरने १९२२ साली ‘ट्रायाडिक बॅले’त नर्तकांना गोल, शंकू आणि तबकड्यांच्या आकारांत बसवलं होतं. जपानमध्ये आत्सुको तानाकाने १९५६ साली रंगवलेल्या विजेच्या दिव्यांचा आणि वायरींचा झगा केला आणि शॉक लागायची भीती असतानाही तो स्वतः अंगावर घातला. पॅरिसमध्ये १९६६ साली पाको राबानने बारा पोशाखांचा संग्रह दाखवला आणि ते घालण्याजोगे नाहीत असं त्याच्या नावातच सांगून टाकलं. प्लास्टिकच्या चकत्या कड्यांनी जोडताना त्याच्या हातात सुईऐवजी पक्कड असायची. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस प्रॅट इन्स्टिट्यूटमधल्या काही मुली क्रोशाची सुई घेऊन चित्रं काढावीत तसे कोट विणत होत्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर ज्युली शाफ्लर डेल हिने १९७३ साली अशा कामांसाठी गॅलरीच काढली. हे सगळं आधीचं. पण ते कलाकारांच्या वर्तुळात आणि श्रीमंतांच्या दालनात फिरत राहिलं. मॉनक्रीफने त्याला प्रेक्षागृह दिलं, चुरस दिली आणि शेतावरच्या बाईलाही त्यात भाग घ्यायचं धाडस दिलं. लेंड्यांना पुरस्कार मिळायला आधी त्या लेंड्या घेऊन यायला न लाजणारं माणूस लागतं. ते माणूस मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर भेटलं नसतं.

आता फॅशन डिझायनरकडे येऊ.

तो किंवा ती कॉलेजात शिकते काय? मापं घेणं, कागदावर पॅटर्न काढणं, कापडाची आडवी-उभी धार ओळखणं, पुतळ्यावर मलमल टाकून चुण्या आणि टक्स बसवणं, मास्टरकडून नमुना शिवून घेणं. त्याच नमुन्यावरून स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मापं काढणं. कापड किती मीटर लागेल, काजाबटणांना किती, अस्तराला किती, आणि शेवटी किंमत किती ठेवली तर माल उठेल. चार वर्षं तिच्या कानीकपाळी एकच गोष्ट ओरडली जाते, गिऱ्हाईक कोण? पंचविशीतली नोकरदार बाई, की लग्नाच्या खरेदीला आलेली नवरी? वय, पगार, शहर, ऋतू असं सगळं लिहून दाखवल्याशिवाय तिचं काम पुढे सरकत नाही.

या स्पर्धेत ते गिऱ्हाईक नाहीसं होतं. एकच नग करायचा. तो विकायचा नाही, पुन्हा करायचा नाही, कुणाच्या लग्नात घालायचा नाही. वाटतं की सुटली बिचारी. पण मला वाटतं, इथेच ती फसते. नको म्हणणारं कुणी उरलं नाही की हात सैल सुटतो. मग लग्नाच्या घागऱ्याचाच घेर दुप्पट होतो, त्यावर पिसं चढतात, पिसांवर आरसे आणि आरशांवर दिवे. नवशिक्यांच्या बऱ्याच कामांत हे दिसतं. नेहमीच्याच कपड्यावर जास्तीचा भार. एकच विचार धरून तो शेवटपर्यंत ताणायचा, हे गिऱ्हाईक सांभाळण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि त्याची सवय बाजाराने लावलेली नसते.

गिऱ्हाईक गेलं तरी शरीर मात्र जात नाही. खरी परीक्षा तिथेच आहे. पोशाख पुतळ्यावर ठेवून दाखवायचा नसतो. तो घालणारी मॉडेल डिझायनरला आधी माहीत नसते, ती आयोजकांची असते. तिला चालायचं असतं, वळायचं असतं, पायऱ्या उतरायच्या असतात, कधी वाद्यांच्या गदारोळात आणि धुरात नाचणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढायची असते. वर दिव्यांची आग. हे एकदाच नव्हे, सोहळा चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा. दर वेळी काळोखात, घाईघाईत, दुसऱ्याच कुणीतरी तो पोशाख तिच्या अंगावर चढवायचा आणि उतरवायचा असतो. कुठलं बकल आधी, कुठला पट्टा नंतर, मुकुट केव्हा, याच्या सूचना डिझायनरने लिहून, फोटोंसह द्याव्या लागतात. ज्या डिझायनरला आपला कपडा शेवटच्या क्षणापर्यंत टाचण्या टोचून ठीक करायची सवय असते, तिला हे फार जड जातं. पडद्यामागे शेवटची टाचणी लावायला ती नसतेच.

भाराचंच घ्या. डोक्यावर दीड-दोन किलोचा सांगाडा चढवला तर मानेचं काय होतं हे दहा मिनिटं स्वतः घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. खांद्यांवर सगळं वजन टांगलं तर मॉडेल वाकते, वाकली की छायाकृती बिघडते, आणि प्रेक्षकाला कलाकृतीऐवजी दमलेली मुलगी दिसते. म्हणून जाणकार मंडळी गिर्यारोहकाच्या पाठपिशवीसारखं करतात. आत पट्ट्यांचा हार्नेस असतो आणि तो भार कमरेच्या हाडावर उतरवतो. बाहेरून दिसणारं सगळं त्या हार्नेसला अडकवलेलं. म्हणजे वेळ जातो तो जे कुणालाच दिसणार नाही त्यावर. श्वास घ्यायला बरगड्यांभोवती जागा, घाम टिपायला आत सुती अस्तर, गुडघा वाकेल अशी फट, आणि घाबरगुंडी उडाली तर झटक्यात सुटेल असं बकल. परीक्षक आधी हे जवळून पाहतात. शिवण, जोड, आतली बाजू. आणि मग तोच पोशाख रंगमंचावर, दुरून, दिव्यांच्या झोतात. जवळून सुबक आणि दुरून निस्तेज असं काम पडतं, तसंच दुरून दिमाखदार आणि जवळून गोंदाचे ओघळ दाखवणारं कामही पडतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची चिलखतं घडवणाऱ्या वेटा वर्कशॉपचा रिचर्ड टेलर इथे अनेक वर्षं परीक्षक राहिला आहे. अशा माणसाच्या नजरेतून गोंद सुटत नाही.

शरीर आणि सामग्री यांची ही झटापट कशी जिंकायची, हे २००९ सालच्या विजेत्याकडे पाहून कळतं. अलास्कातल्या जूनो गावच्या डेव्हिड वॉकरने ‘लेडी ऑफ द वुड’ नावाचा पोशाख केला. अठराव्या शतकातल्या युरोपच्या दरबारी स्त्रियांचा असतो तसा घेरदार गाऊन, पण लाकडाचा. महोगनी, लेसवुड, मेपल आणि सीडर. ऐकताना हे गंमतीचं वाटतं, पण निवडीमागे डोकं आहे. अठराव्या शतकातला तो गाऊन रेशमी दिसत असला तरी त्याच्या आत सांगाडाच असायचा. कमरेला देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या, दोन्ही बाजूंना वेताचे पिंजरे. स्त्रीचं शरीर त्या काळात फर्निचरसारखंच घडवलं जात होतं. वॉकरने आतलं बाहेर आणलं, असं मी त्याचं वाचन करते. आणि लाकूड वाकत नाही, त्यामुळे जिथे शिंपी टक्स घालतो तिथे त्याला तुकडे पाडून सांधे जोडावे लागले. फॅशन डिझायनरने हा पोशाख पॅटर्न म्हणून वाचावा. प्रत्येक वळणावर कापड काय करतं याचं उत्तर त्यात लाकडाच्या भाषेत लिहिलेलं आहे.

२०११ ची विजेती ब्रिटनची मेरी विंग टो. तिचं काम चामड्यातलं. ग्रीक पुराणात अर्धी स्त्री आणि अर्धी घोडी असलेली हायलोनोमी आहे, तिच्यावरून हा पोशाख बेतलेला होता. विषय आणि सामग्री यांचं नातं इतकं सरळ की वेगळी सजावट लागूच नये. घोड्याच्या गोष्टीला खोगिराचं चामडं.

नेल्सनची गिलियन सॉन्डर्स २०१६ साली ‘सुपरनोव्हा’साठी जिंकली. तिची ओळख आहे ती ईव्हीए फोममधल्या कामासाठी. हा फोम आपल्याकडे घराघरांत आहे. लहान मुलांच्या खोलीत कोड्यासारख्या जोडायच्या रंगीत चटया असतात ना, तोच. हलका, स्वस्त, कापला तरी धागे सुटत नाहीत, आणि हीट गनने गरम केला की हवा तसा वळतो, थंड झाला की तसाच राहतो. हातभर उंचीचं काहीही डोक्यावर ठेवायचं तर धातूपेक्षा फोम शहाणा. शिकागोच्या ग्रेस डुव्हालने ‘रिफ्यूज रेफ्यूज’मध्ये सायकलच्या टाकाऊ ट्यूबांवर हात चालवला. २०१८ साली ती वेगळ्याच कामासाठी सर्वोच्च पुरस्काराची मानकरी ठरली.

इंडोनेशियाचा रिनाल्डी युनार्डी २०१७ आणि २०१९ असा दोनदा जिंकला. हा मूळचा मुकुट, शिरोभूषणं आणि दागिने घडवणारा माणूस. म्हणजे तोही कपड्याच्या शिवणीकडून आलेला नाही. त्याच्या कामाकडे पाहताना वाटतं की त्याने मुकुटालाच खाली पायापर्यंत वाढू दिलं.

या सगळ्यांत समान काय? प्रत्येकाने एक सामग्री वर्षानुवर्षं हाताळलेली आहे. तिचे रुसवे माहीत आहेत. डिझायनरला मात्र कॉलेजात दर सहामाहीला नवं कापड, नवी थीम, नवा मूडबोर्ड. सामग्रीशी संसार करायला वेळच मिळत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या डिझायनरला एवढंच सांगावंसं वाटतं की आधी कल्पना आणि मग सामग्री शोधत हिंडण्यापेक्षा हाताशी जे आहे ते घेऊन बसा. डॅग्जवाल्या दोघींनी तेच केलं. त्यांच्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी पटींनी जास्त.

भारतातून हे धाडस कुणी केलं का? केलं आणि जिंकलंही. २०१२ चा सर्वोच्च पुरस्कार ‘डिलाइट ऑफ लाइट’ या कामासाठी योगेश चौधरी आणि मानस बर्वे या दोन भारतीयांना मिळाला. बर्वे हे आडनाव वाचून मराठी वाचकाची मान आपोआप वळेल. या घटनेची आपल्याकडे किती चर्चा झाली? एखाद्या सिनेतारकेने कान महोत्सवात कुठला गाऊन घातला याचे फोटो आपण आठवडाभर छापतो, आणि हजारो लोकांसमोर पहिलं आलेल्या कामाचं नाव आपल्या फॅशनच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

‘आपल्याकडे हे सगळं पूर्वीपासूनच होतं,’ असं कुणी म्हणेल म्हणून आधीच लिहून ठेवते. वासुदेवाची मोरपिसांची टोपी, पोतराजाचा चिंध्याचिंध्यांचा घेर, जव्हार-मोखाड्याकडचे बोहाड्याचे कागदी लगद्याचे मुखवटे, दशावतारातला गणपती. दिसायला हे सगळं त्या रंगमंचावर सहज शोभेल. पण वासुदेवाची टोपी परंपरेने ठरवली आहे. ती वेगळी केली तर तो वासुदेव राहणार नाही. ही स्पर्धा नेमकी उलट मागणी करते, आजवर कुणी केलं नाही असं एका डोक्यातून निघालेलं काहीतरी. तेव्हा परंपरेची नक्कल करून ती मोडीत काढण्यापेक्षा तिचा हिशेब समजून घ्यावा. पोतराज तो घेर घालून उन्हात दिवसभर फिरतो, नाचतो, आसूड ओढतो. भार कमरेवर कसा तोलायचा हे त्याला कुणी हार्नेसचं पुस्तक वाचून दाखवलेलं नाही.

आणि मोरपिसांचा मोह तर धरूच नये. ती देशाबाहेर पाठवायलाच बंदी आहे, त्यापासून केलेल्या वस्तूंनाही. आपल्याकडची बंदी ओलांडली तरी पुढे न्यूझीलंडचा दरवाजा. शेतीवर जगणारा, समुद्राने वेढलेला तो देश किडीला आणि रोगराईला जबरदस्त घाबरतो. विमानतळावर सामानात विसरलेलं एक सफरचंद जाहीर केलं नाही तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. तिथे सुक्या भोपळ्याचा मुकुट, बियांची झालर, बांबूचा सांगाडा किंवा कच्च्या चामड्याचा पट्टा घेऊन जाणं म्हणजे प्रश्नोत्तरांचं प्रकरण. काय आहे, कुठलं आहे, उकळलं होतं का, धुरी दिली का, कागद दाखवा.

इतकंच कशाला, पोशाख ज्या लाकडी खोक्यातून जातो त्या खोक्यालाही नियम आहे. आयएसपीएम-१५ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅकिंगचं लाकूड त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेलं किंवा मान्य वायूची धुरी दिलेलं असावं लागतं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का लागतो. कोपऱ्यावरच्या सुताराने जुन्या फळ्यांत ठोकलेलं खोकं बंदरावर अडकतं आणि कलाकृती आतच राहते. खोक्याच्या मापावर पोशाखाचं भवितव्य ठरतं. सहा फूट रुंद पंख सुंदर दिसतात, पण ते सुटे होऊन एकात एक बसत नसतील तर भाड्याचा आकडा पाहून घाम फुटतो. म्हणून अनुभवी लोक रेखाटनाच्या टप्प्यावरच पोशाखाचे तुकडे कुठे पडतील ते ठरवतात. आपल्या कॉलेजांतून निर्यातीच्या कागदपत्रांवर एखादं व्याख्यान होतही असेल, पण ते मालाच्या गठ्ठ्यांसाठी असतं, एकुलत्या एका नाजूक नगासाठी नाही.

मग एवढं करून मिळतं काय? ट्रॉफी, बक्षिसाची रक्कम आणि नाव. केलेल्या श्रमांचे तास मोजले तर रक्कम मजुरीच्याही हिशेबात बसेल असं वाटत नाही. खरा लाभ वेगळा आहे. वेटा वर्कशॉप या स्पर्धेतून उगवत्या डिझायनरला आपल्याकडे काम शिकायची संधी देत आलं आहे. ‘सर्क द सोले’ या सर्कस कंपनीचाही इथे पुरस्कार राहिला आहे. म्हणजे इथून निघणारा रस्ता दुकानाकडे जात नाही. तो जातो चित्रपटाच्या कार्यशाळेकडे, रंगभूमीकडे, सर्कशीकडे. लग्नाच्या घागऱ्यांचं बुटीक काढायचं आहे, त्यासाठी जाहिरात हवी, असं मनात धरून उतरणाऱ्याने खर्च वाचवावा. नाटक-सिनेमाच्या पोशाखाकडे ओढा असेल तर मात्र याच्याइतकं कडक प्रशिक्षण दुसरं सापडणं कठीण.

इथे भानू अथय्यांची आठवण येते. कोल्हापूरची ही मुलगी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर तिची चित्रं प्रदर्शनात लागली, आणि मग तिने कुंचला ठेवून कपड्यांकडे मोर्चा वळवला. १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलोसोबत तिला ऑस्कर मिळालं. अथय्यांचं यश असं की त्या चित्रपटात कपडे डोळ्यांवर येत नाहीत. खादी, धोतर, मळकी पगडी, सगळं माणसात मुरून जातं. अंगावरच्या कलेच्या स्पर्धेत माणूस पोशाखात मुरतो. दोन्ही वाटा चित्रकाराच्या डोळ्याने आणि शिंप्याच्या हाताने चालायच्या. मला स्वतःला अथय्यांची वाट जास्त अवघड वाटते, कारण तिथे टाळ्या मिळत नाहीत.

स्पर्धेवर माझा आक्षेपही आहे, तो टाळ्यांवरूनच. सोहळा आता इतका भव्य झाला आहे की नाच, संगीत आणि प्रकाशयोजना यांच्या झंझावातात एकेक पोशाख काही क्षणच नीट दिसतो. कुणीतरी वर्षभर बोटं सोलवटून जोडलेले सांधे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला चमचमाटच वाटणार. ‘बिझार ब्रा’ नावाचा विभाग तर वर्षानुवर्षं हशा आणि टाळ्यांसाठीच गाजला. त्यात कल्पकता होती, नाही असं नाही, पण जत्रेतला पाळणाही लोकांना आवडतो. या कामांना खरा न्याय संग्रहालयात मिळतो. निवडक पोशाख होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये, सिएटलमध्ये, सेलमच्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये फिरून आले. काचेपलीकडून का होईना, पण हवा तितका वेळ उभं राहून जोड कुठे आहे ते शोधता येतं. चालत नाही हा दोष आहेच. तरी दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मी काचेसमोरचा तास निवडेन.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबई-पुण्यातल्या, खारघर ते लोणी काळभोरपर्यंतच्या डिझाइन कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे शो होतात. त्यात एखाद-दुसरा पोशाख असा असतो की गिऱ्हाईक विसरून मुलगी कशाच्या तरी मागे लागली आहे हे दिसतं. ज्यूटचे दोर, तुटक्या छत्र्यांच्या काड्या, रद्दीच्या वळकट्या. रॅम्पवर दीड मिनिट, आईवडिलांचे फोटो, आणि मग तो पोशाख प्लास्टिकच्या पिशवीतून घराच्या माळ्यावर. कॉलेजांनी एवढंच करावं. असे चार-दोन नग दरवर्षी विकत घ्यावेत, आतली बाजू दिसेल असे मांडावेत, शेजारी हार्नेसचं रेखाटन आणि खोक्याचं माप लावावं, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ते उलटून-पालटून पाहू द्यावेत. स्पर्धेचे अर्ज कुठे मिळतात ते मुलं स्वतः शोधून काढतील.